घरामागच्या कालव्यातला गाळ काढायचा आहे? यंत्र बोलावण्याआधी हे क्रमाने करा

ओहोटीला होडीचा पंखा चिखलात फिरायला लागला की काठावरच्या रहिवाशांची मागणी ठरलेली असते: नगरपालिकेने मशीन लावावे. मशीन येतेही. पण काढलेला ओला गाळ टाकायचा कुठे, याचे उत्तर कुणाकडेच नसते. तो काठावर साचतो, वास सुटतो, तक्रारी होतात, काम बंद पडते आणि दोन पावसाळ्यांत त्यातला बराचसा गाळ परत पाण्यात उतरतो. पैसे गेले, खोली मिळाली नाही.

हे टाळता येते. त्यासाठी विचार शेवटाकडून सुरू करावा लागतो: गाळ कुठे जाऊन बसणार हे आधी आणि तो कशाने काढायचा हे त्यानंतर. पुढचे टप्पे रहिवासी समिती आणि स्थानिक संस्थेचे अभियंते या दोघांसाठी आहेत. टप्प्यांची अदलाबदल करू नका.

## टप्पा 1: कालवा कुणाचा आणि मूळ खोली किती, याचे कागद काढा

मालकीचे प्रश्न तीन असतात आणि तिन्हींची उत्तरे वेगळी असू शकतात: पाण्याखालची जमीन कुणाची, संरक्षक भिंत कुणाची आणि भिंतीला लागून असलेला खासगी धक्का कुणाचा. बऱ्याच ठिकाणी स्थानिक संस्था फक्त मधला जलमार्ग साफ करते. धक्क्याखालची आणि होडी बांधायच्या जागेतली खोदाई घरमालकाच्या अंगावर येते. हे सुरुवातीलाच लेखी सांगा, नाहीतर काम संपल्यावर “आमच्या दारातला गाळ तसाच राहिला” अशी भांडणे सुरू होतात.

मग मूळ खोदकामाचे मंजूर नकाशे शोधा. कालवा पूर्वीच्या मंजूर खोलीपर्यंत परत नेणे ही देखभाल आणि त्याहून खोल खणणे हे नवे काम, असा फरक परवानगी देणाऱ्या बहुतेक यंत्रणा करतात. देखभालीची वाट सहसा सोपी असते. पण मूळ खोलीचा पुरावा हातात नसेल, तर तुमचे साधे काम नवे म्हणून धरले जाण्याची शक्यता असते.

तपासा: नकाशावरची खोली कोणत्या संदर्भपातळीपासून, म्हणजे शून्य धरलेल्या कोणत्या ठरावीक पातळीपासून, मोजली आहे? तेवढे लिहिलेले नसेल तर त्या आकड्याचा उपयोग नाही.

## टप्पा 2: गाळ मोजा, आणि नीट मोजा

सगळ्यांत जास्त चुका इथे होतात. म्हणून इथे घाई नको.

पहिली चूक: खोली पाण्याच्या पृष्ठभागापासून मोजायची आणि तशीच वहीत लिहायची. भरती-ओहोटीच्या कालव्यात पृष्ठभाग दर तासाला बदलतो. एखाद्या पक्क्या खांबावर किंवा भिंतीवर पाण्याची मोजपट्टी बसवा आणि तिचा शून्य संदर्भपातळीशी जुळवून घ्या. ही पातळी सहसा नीचतम ओहोटीच्या आसपासची असते. प्रत्येक नोंदीसोबत वेळ आणि त्या वेळचे पट्टीवरचे वाचन लिहा. समजा, सकाळी 10 वाजून 10 मिनिटांनी काठी 1.4 मीटर दाखवते आणि पट्टीवर पाणी 0.9 मीटरवर आहे. मग खरी खोली फक्त 0.5 मीटर. भरतीच्या वेळी भरपूर वाटणाऱ्या पाण्यात उधाणाच्या ओहोटीला होडी का रुतते, त्याचे कारण या वजाबाकीत आहे.

दुसरी चूक: गाळाचा वरचा थर आणि खालचा घट्ट तळ यांत गल्लत. यासाठी दोन काठ्या घ्या. एकीच्या टोकाला बशीएवढी सपाट चकती, दुसरीचे टोक मोकळे. चकतीची काठी हलकेच सोडली की ती गाळाच्या माथ्यावर टेकते. मोकळी काठी त्याच जागी दाबत न्या. सुरुवातीला हाताला काहीच लागत नाही, मग जडपणा येतो आणि शेवटी तळहाताला ठणका बसतो. खाली वाळू असेल तर करकर काठीतून थेट हातात येते. काठी वर ओढली की वरचा काळा, कुजक्या अंड्यासारखा वास येणारा चिखल आणि त्याखालची करडी चिकट माती, दोन्ही तिला लागलेली दिसतात. दोन वाचनांतला फरक म्हणजे गाळाची जाडी.

पाणी खोल असेल किंवा कालवा लांब असेल तर प्रतिध्वनी यंत्र वापरतात. तिथेही हाच सापळा आहे. 200 किलोहर्ट्झच्या आसपासची ध्वनिलहर मऊ गाळाच्या माथ्यावरूनच परतते, तर 24 ते 33 किलोहर्ट्झची लहर तो भेदून खालच्या घट्ट थरापर्यंत जाते. मऊ गाळाच्या कालव्यात दोन्ही लहरींचे यंत्र मागा आणि मधूनमधून काठीने पडताळा.

आडवे छेद, म्हणजे काठापासून काठापर्यंतच्या मोजणीच्या रेषा, दर 20 ते 25 मीटरवर घ्या. वळणावर, कालव्याच्या तोंडाशी आणि प्रत्येक पावसाळी गटाराच्या मुखाशी ते आणखी जवळ हवेत. प्रत्येक छेदाची दोन्ही टोके भिंतीवर रंगाने कायमची खूण करून ठेवा. याच खुणा शेवटच्या टप्प्यात लागणार आहेत.

एक उदाहरण घेऊ. कालवा 600 मीटर लांब, खणायच्या तळाची रुंदी 12 मीटर, काढायच्या थराची सरासरी जाडी 0.6 मीटर. गाळ झाला 4,320 घनमीटर. आता मोजणीत फक्त 10 सेंटीमीटरची चूक झाली तर 720 घनमीटरचा फरक पडतो, म्हणजे कामाचा सहावा हिस्सा. मोजणीवर वाचवलेले पैसे इथे कितीतरी पटीने जातात.

सावध: दोन-तीन वर्षे जुन्या मोजणीवर निविदा काढू नका. मधल्या काळात एखादे मोठे वादळ किंवा पूर येऊन गेला असेल तर गेल्या वर्षीचीही चालणार नाही.

## टप्पा 3: गाळ येतो कुठून ते ओळखा

मोजणीचा नकाशा समोर पसरला की ढीग कुठे आहेत ते दिसते आणि ढिगाची जागाच त्याचे मूळ सांगते.

तोंडाशी आडवा वाळूचा बांध असेल तर ती वाळू बाहेरून, लाटा आणि किनाऱ्यालगतच्या प्रवाहाने आलेली आहे. ती परत येणार. तिथे एकदा खणून भागत नाही, ठरावीक काळाने खणावे लागते. गटाराच्या मुखाशी पंख्यासारखा पसरलेला ढीग म्हणजे रस्त्यांची, बांधकामांची माती आणि पालापाचोळा. तिथे आधी गटारावर गाळटाकी बसवा, उघडी माती झाका आणि मगच कालव्याला हात लावा. बंद टोकाला मऊ काळा चिखल साचला असेल तर तिथे पाणी खेळतच नाही. भरती आत येते पण जुने पाणी बाहेर काढत नाही आणि बारीक कण खाली बसत राहतात.

तोंडाकडची वाळू आणि टोकाचा चिखल यांची विल्हेवाटही वेगळी लागते. एकाच आकड्यात त्यांची बेरीज करून ठेवू नका.

## टप्पा 4: नमुने घ्या, पण वरवरचे नकोत

नळी खुपसून उभा गाभा काढा, जितके खणायचे तितक्या खोलीपर्यंत आणि त्याच्या थोडे खालीही. वरून खरवडलेला नमुना फक्त गेल्या काही वर्षांचे सांगतो. जुने विष खाली असते. होड्यांच्या तळाला लावायच्या रंगातला ट्रायब्युटिलटिन हा कथिलयुक्त पदार्थ जागतिक कराराने 2008 पासून बंद झाला, पण जुन्या गाळाच्या थरांत तो अजून सापडू शकतो. हल्लीच्या रंगांत तांबे असते. रस्त्यावरून जस्त, शिसे आणि तेलाचे अंश येतात. प्रयोगशाळेला हे सगळे तपासायला सांगा, सोबत कणांचा आकार, पाण्याचे प्रमाण आणि क्षारही.

भरतीच्या पाण्यातल्या चिखलासाठी आणखी एक चाचणी सोडू नका. अशा गाळात लोहाची गंधकयुक्त संयुगे असतात. पाण्याखाली ती निवांत असतात. गाळ काठावर वाळत घातला आणि हवा लागली की त्यांतून गंधकाम्ल तयार होते, आजूबाजूची झाडे जळतात आणि झिरपणारे पाणी मासे मारते. चाचणीत हे आधी कळले तर चुनखडीची भुकटी किती मिसळायची ते ठरवता येते. नंतर कळले तर नुकसान होऊन गेलेले असते.

नेहमीची चूक: खर्च वाचवायला सगळे नमुने एकत्र कालवून एकच चाचणी करणे. गटारामुखाचा दूषित गाळ स्वच्छ वाळूत मिसळला की अहवाल बरा दिसतो, पण ट्रकमधून तो दूषित गाळच जातो. गटारांचे आणि होडीदुरुस्तीच्या जागेजवळचे नमुने वेगळे ठेवा.

## टप्पा 5: गाळ कुठे जाणार ते ठरवा

या टप्प्याचे उत्तर लेखी हातात येईपर्यंत पुढे जाऊ नका. कितीही दबाव आला तरी.

वरचेच उदाहरण घ्या. पाण्याखाली खणताना यंत्र थोडे जास्त खाली जातेच, म्हणून 15 ते 30 सेंटीमीटर जादा खोदाई धरतात. 20 सेंटीमीटर धरली तर 1,440 घनमीटर वाढले आणि एकूण 5,760 झाले. थर पातळ असला की ही जादा खोदाई मूळ कामाच्या तिसऱ्या हिश्शाएवढी होते, हे अंदाजपत्रकात अनेकदा सुटते. त्यात, खणलेला गाळ सुटा होऊन फुगतो. तीस टक्के फुगवटा धरला तर सुमारे 7,500 घनमीटर. 10 घनमीटरच्या ट्रकने साडेसातशे खेपा. काम 25 दिवस चालले तर रोज 30 ट्रक भरून जाणार आणि 30 रिकामे परत येणार, तेही वस्तीतल्या अरुंद रस्त्याने. शाळेच्या वेळा, रस्त्याची ताकद, सांडणारा चिखल धुण्याची सोय, हे सगळे या एका आकड्यातून निघते.

पंपाने खेचायचे ठरवले तर हिशेब आणखी बदलतो. नळातून येणाऱ्या मिश्रणात वजनाने साधारण 10 ते 20 टक्केच घन भाग असतो, बाकी पाणी. ते पाणी निवळून स्वच्छ होऊन परत सोडेपर्यंत थांबवायला जागा लागते.

पर्याय असे:

- वाळवण्याचे तळे. बांध घालून गाळ पसरायचा. 7,500 घनमीटर एक मीटर जाडीने पसरायला पाऊण हेक्टर लागते, बांध आणि रस्ता वेगळा. मऊ गाळ सुकायला महिने लागतात, दिवस नव्हे.
- कापडी नळ्या. पाणी झिरपू देणाऱ्या मोठ्या पिशव्यांत गाळ भरायचा, कण एकत्र यावेत म्हणून रसायन मिसळायचे. जागा कमी लागते, खर्च वाढतो. काढलेल्या गाळाची लहान चाचणी केल्याशिवाय रसायनाची मात्रा ठरवू नका.
- वाळू किनाऱ्यावर. फक्त स्वच्छ वाळूसाठी आणि तिचा दाणा किनाऱ्याच्या वाळूशी जुळत असेल तरच.
- समुद्रात सोडणे. समुद्रात कचरा टाकण्याबाबतचा 1972 चा लंडन करार आणि त्याचा 1996 चा पूरक करार यांनुसार यासाठी परवाना आणि तपासणी लागते. बंदी नाही, पण सहज मिळणारी गोष्टही नाही.
- भरावासाठी. खाऱ्या चिखलावर लगेच बागही फुलत नाही आणि इमारतही उभी राहत नाही. पावसाने क्षार धुऊन जायला वेळ द्यावा लागतो. “फुकट माती मिळते” म्हणून घेणाऱ्याला हे आधी सांगा.

तपासा: जागामालकाची लेखी संमती, तिथे मावणारे घनमीटर आणि परत सुटणाऱ्या पाण्याची परवानगी, तिन्ही हातात आहेत का?

## टप्पा 6: किती खोल आणि भिंतीपासून किती दूर

मोठ्यात मोठ्या नेहमीच्या होडीचा पाण्याखालचा भाग, त्यात अर्धा मीटर मोकळीक. बहुतेक निवासी कालव्यांना एवढे पुरते. बाहेरच्या खाडीची खोली 1.2 मीटर असताना आत 2 मीटर खणण्यात अर्थ नाही. होडी तोंडाशीच अडकणार आणि आतल्या खड्ड्यात प्राणवायू नसलेले पाणी साठून राहणार.

भिंतीबाबत तडजोड नको. संरक्षक भिंतीच्या पायाशी साचलेली माती तिला समोरून टेकू देत असते. ती काढली की मागच्या मातीच्या दाबाने भिंत पायथ्यातून पुढे सरकते. ओहोटीला समोरचे पाणीही नसते, तेव्हा धोका सर्वांत जास्त. म्हणून भिंतीलगतचा पट्टा तसाच सोडून तिथून मधल्या खोलीकडे उतार द्यायचा, मऊ मातीत साधारण एकास तीन (एक मीटर खोलीला तीन मीटर आडवे) किंवा त्याहून सौम्य. पट्टा किती रुंद सोडायचा हे भिंतीची मुळातली गाडलेली खोली पाहून अभियंत्याने ठरवावे. प्रत्येक घरासाठी एकच आकडा लावू नये.

## टप्पा 7: यंत्राची निवड

इथवर आलात की निवड बरीचशी आपोआप होते. गाळात दोर, टायर, मोडके खांब असतील तर पंप तुंबतो. तिथे तराफ्यावरचा लांब हाताचा पोकलेन बरा. गाळ मऊ, एकसारखा आणि वाळवण्याची जागा नळाने पोचण्याइतकी जवळ असेल तर कटर लावलेला सक्शन ड्रेजर (गाळ कापून पंपाने खेचणारे तरंगते यंत्र) स्वच्छ आणि जलद काम करतो, ट्रकही लागत नाहीत. पूल किती उंच आणि रुंद आहेत ते मोजा. यंत्र पुलाखालून जात नाही हे काम सुरू होण्याच्या सकाळी कळू नये.

तळ नुसता नांगरून किंवा पाण्याच्या झोताने गाळ हलवण्याची पद्धत स्वस्त वाटते. त्यात गाळ बाहेर निघत नाही, फक्त जागा बदलतो.

## टप्पा 8: परवानग्या आणि पैसे, एकाच वेळी

परवानगी देणारे एकाहून जास्त असतात, कारण प्रश्न एकाहून जास्त असतात. अमेरिकेचे उदाहरण पुरेसे आहे: जलमार्गातल्या कामासाठी 1899 च्या नदी व बंदर कायद्याचे कलम 10 आणि खोदलेला गाळ पाण्यात किंवा पाणथळीत टाकण्यासाठी 1972 च्या स्वच्छ जल कायद्याचे कलम 404, शिवाय राज्याच्या अटी वेगळ्या. तुमच्याकडचे कायदे कोणतेही असोत, मत्स्यप्रजननाचा काळ, खारफुटी आणि समुद्री गवत यांच्या अटी आधी विचारून घ्या. त्यांवरून वर्षात काम करायचे महिने ठरतात आणि त्यांवरून निविदेची तारीख.

पैशाचे वाटप ठरवताना घरटी सारखा हिस्सा की काठाच्या लांबीप्रमाणे, हा वाद होतोच. माझे मत असे की तोंडाशी साचलेली वाळू सगळ्यांची वाट अडवते, तिचा खर्च सगळ्यांत वाटावा. आतल्या फांद्यांचा खर्च त्या त्या फांदीवरच्या घरांनी उचलावा. यंत्र आणणे-नेणे हा मोठा आणि ठरावीक खर्च असतो, मग काम लहान असो वा मोठे. म्हणून शेजारच्या दोन-तीन कालव्यांचे काम एकत्र करा. फ्लोरिडातल्या केप कोरलसारख्या शहरात सुमारे 400 मैल कालवे आहेत. इतक्या जाळ्यात मोजणी पाहूनच कुठून सुरुवात करायची हे ठरवता येते, ज्याचा आवाज मोठा त्याचा कालवा आधी असे चालत नाही.

## टप्पा 9: निविदेत या ओळी हव्यातच

पैसे मोजायचे ते कामाआधीच्या आणि नंतरच्या मोजणीतल्या फरकावर, जागेवरच्या (खणण्याआधी तळाशी असलेल्या गाळाच्या) घनमीटरमध्ये. ट्रकच्या खेपांवर पैसे दिले तर पाण्याचे पैसे द्याल. यंत्राच्या तासांवर दिले तर उभ्या यंत्राचे. जादा खोदाईची मर्यादा लिहा आणि त्याखाली खणलेल्याचे पैसे मिळणार नाहीत हेही. यंत्राची ने-आण एकरकमी ठेवा. तळाशी सापडणाऱ्या कचऱ्याचा दर वेगळा ठेवा. मोजणी करणारा ठेकेदाराचा माणूस नसावा.

## टप्पा 10: काम सुरू होण्याच्या आधीचे पंधरा दिवस

प्रत्येक भिंतीचे, धक्क्याचे, पायरीचे फोटो घ्या, तारखेसह, मालकासमोर. जुनी भेग आज टिपली नाही तर उद्या ती नवी ठरते. कालव्याखालून जाणाऱ्या जलवाहिन्या, सांडपाण्याचे नळ आणि केबल शोधून काठावर खुणा लावा. जुन्या नकाशांवर विसंबू नका, त्या त्या खात्याचा माणूस जागेवर बोलवा. होड्या कोणत्या तारखांना हलवायच्या याचे वेळापत्रक घराघरांत पोचवा.

## टप्पा 11: प्रत्यक्ष खोदाई

ड्रेजरलाही तरंगायला पाणी लागते. म्हणून आधी तोंडाकडून आत जाण्यापुरती अरुंद वाट कापायची, मग बंद टोकापासून पूर्ण खोली साधत बाहेर यायचे. उलट केले तर साफ केलेल्या भागावर आतला ढवळलेला गाळ येऊन बसतो.

गाळरोधक पडदा लावा, पण त्याच्यावर भिस्त ठेवू नका. प्रवाह सेकंदाला अर्ध्या मीटरच्या वर गेला की पडदा फुगतो, वर उचलला जातो आणि गढूळ पाणी खालून निघून जाते. पडद्याची खालची कड तळापासून थोडी वरच ठेवा. तळाला टेकली तर ओहोटीला गाळात रुतते आणि ओढताना आणखी गाळ उसळतो. भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी आणि प्रवाह मंद असताना, पडद्याजवळची नाजूक कामे उरकून घ्या.

काळा चिखल ढवळला की तो पाण्यातला प्राणवायू शोषून घेतो. बंद टोकाला, उन्हाळ्यात, पहाटे ही पातळी सर्वांत खाली असते. रोज पहाटे मोजा. मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडत असतील तर आकड्याची वाट न पाहता यंत्र थांबवा.

तपासा, रोज: पडद्याबाहेरचे पाणी आतल्यापेक्षा स्पष्ट निवळ आहे का, भिंतीवरच्या खुणा सरकल्या का, वाळवण्याच्या तळ्यातून सुटणारे पाणी गढूळ आहे का.

## टप्पा 12: पुन्हा मोजणी, आणि पुढच्या वर्षीही

यंत्र परत पाठवण्याआधी मोजा. त्याच खुणांवर, त्याच संदर्भपातळीने. उंचवटे राहिले असतील तर यंत्र जागेवर असतानाच ते काढून घेणे सोपे. एकदा ते गेले की चार उंचवट्यांसाठी ने-आणीचा पूर्ण खर्च पुन्हा पडतो. मऊ गाळात बाजूचा उतार काही आठवडे घसरत राहतो, म्हणून शेवटचे बिल देण्याआधी महिनाभराने आणखी एक मोजणी अटींत ठेवा.

त्यानंतर दर वर्षी पावसाळा संपल्यावर समितीतल्या दोघांनी होडी काढावी. चकतीची काठी, मोकळी काठी, वही. भिंतीवरच्या रंगाच्या खुणांपैकी दहा निवडून प्रत्येकीवर पाच वाचने, वेळ आणि पट्टीसह. रंग पुसट झाला असेल तर त्याच फेरीत पुन्हा द्यावा. गाळटाकी कधी उपसली ती तारीखही याच वहीत लिहावी.